पत्र क्रमांक चार हजार एकशे अठरा

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना मी बिनतारीबाई म्हणतो. तोंडावर नाही. तोंडावर मी त्यांना काहीच म्हणत नसे, कारण तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद आणि भांडण चालू, ही कसरत एकाच मजल्यावर राहणाऱ्यांनाच जमते. मी दार उघडलं की त्या लावून घ्यायच्या, त्या जिन्यात दिसल्या की मला दुकानात विसरलेली किल्ली आठवायची. मधल्या मध्ये माझी बायको मात्र दोन्ही दारांतून खुशाल ये-जा करायची. जाताना वाटी घेऊन जायची, येताना बातमी घेऊन यायची.

भांडणाचं कारण आमच्या गच्चीवर उभं आहे. सात मीटरचा लोखंडी खांब. त्यावर बाईंच्या रेडिओ केंद्राचा अँटेना. खांब पडू नये म्हणून चार बाजूंना चार तारा ताणून बांधल्यात, आणि त्यातली चौथी तार नेमकी माझ्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर कठड्याच्या कडीला अडकवली आहे. वारा सुटला की ती तार वाजते. घूंऽऽ. सासूबाई मुक्कामाला आल्यासारखं वाटतं. काय म्हणतात ते कळत नाही, पण नाराज आहेत एवढं पक्कं कळतं.

माझं तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो. आलेला प्रत्येक कागद मी वाचतो. झेरॉक्सवाल्यानं वाचू नये असं काही जण म्हणतात. मग डॉक्टरांनी तपासूही नये. तर माझ्या काचेवरून गेल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाचं लग्न होत नाही आणि कोणाचं मोडत नाही. एकट्या बिनतारीबाईंचं काही हाती लागलं नव्हतं. नवरा होता की नव्हता, असला तर कुठे गेला, याचा एकही कागद त्या बाईनं बावीस वर्षांत माझ्याकडे आणला नाही. हा माझा त्यांच्यावरचा दुसरा राग.

जे कळलं ते बायकोकडून. बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आधी कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडायच्या. मग मशीनं आली आणि जोडायला माणसं लागेनाशी झाली, तेव्हा त्यांना तक्रार विभागात बसवलं. फोन बंद पडला की लोक तिथे तक्रार लिहून द्यायचे. बाई चिठ्ठीवर नंबर टाकायच्या आणि तारेला टोचून ठेवायच्या. सकाळी साहेब यायचे, तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायचे आणि पत्त्यांसारख्या पिसायचे. बंगल्यांच्या वर, चाळींच्या खाली. काही तर टेबलाखालच्या टोपलीत. वीस वर्षं बाईंनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावून पाहिलं.

निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशांतून माणसं गावी घर बांधतात, मुलीला दागिना करतात. या बाईंनी समोरच्या खोलीत रेडिओ केंद्र काढलं. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली, एक टेबल, दोन मायक्रोफोन, एक ट्रान्समीटर. आवाज तीन किलोमीटरपर्यंत जातो. पाण्याची वेळ, बंद पडलेली लिफ्ट, हरवलेल्या किल्ल्या, कोणत्या खिडकीवरचा कारकून जेवायला गेला तो परत आला की नाही, असलं सगळं. आणि रोज संध्याकाळी पाच ते सात, पत्रं.

जिन्याखाली त्यांनी एक लाल झाकणाची पत्र्याची पेटी लावली. नियम एकच, तो पेटीवरच रंगवलाय: नाव लिहिलेलं प्रत्येक पत्र वाचलं जाईल, आलेल्या क्रमानं, पूर्ण. पत्र आलं की बाई त्यावर नंबर टाकणार, रजिस्टरमध्ये चढवणार आणि नंबर लागला की वाचणार. स्तुती असो, शिवी असो, पुढे घेणार नाहीत, मागे टाकणार नाहीत, एक शब्द गाळणार नाहीत. आवाज एक्स्चेंजचाच. "पत्र क्रमांक शहाऐंशी. मजकूर असा." कोणाचं बारसं आणि कोणाची चोरी, दोन्ही एकाच सुरात. हा सूर ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण दुकानात रेडिओ मी लावायचोच. गिऱ्हाइकं ऐकतात म्हणून, असं मी बायकोला सांगायचो.

पत्र क्रमांक दोनशे तीनमुळे घोटाळा झाला.

ते पत्र पाण्याच्या पंपघरातल्या फिटरचं होतं. खाली नाव, पत्ता, सही. मजकूर असा: पंपघरातली गाळणी गेल्या वर्षी बदलली असं रजिस्टरला लिहिलंय, त्या रजिस्टरवर माझीच सही घेतलीय, पण गाळणी बदललेली नाही, आणि लहान पोरांना उकळल्याशिवाय पाणी देऊ नका. बाईंनी पूर्ण वाचलं. गाळणीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांचं नावसुद्धा. ते गृहस्थ कोणाचे मेहुणे होते हे आमच्या गल्लीत मला आणि सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या दिवशी परवाना खात्याचे साहेब आले. बाईंनी दार उघडलं, मी माझ्या दाराच्या भोकाला डोळा लावला. साहेब गोड बोलणाऱ्यांपैकी. असली माणसं घाम पुसतानाही रुमालाची घडी मोडत नाहीत.

"बाई, चांगलं चाललंय तुमचं. एवढं एक पत्र नसतं वाचलं तर काय बिघडलं असतं?"

"पत्र आलं होतं," बाई म्हणाल्या.

"अहो, येतात ढीगभर. सगळी वाचायची असतात का?"

"पेटीवर तसं लिहिलंय."

"पेटीवर दुसरं लिहिता येतं."

"रंग संपलाय," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

त्यानंतर बाईंच्या मागे असा काही ससेमिरा लागला की मला त्यांचा राग करायला फुरसत मिळेना, कारण माझ्या वाटचा राग सरकारी खातीच परस्पर काढत होती. एका आठवड्यात अग्निशामक तपासणी. दुसऱ्यात विजेची. तिसऱ्यात खांबाची, त्या माणसाला मी स्वतः गच्चीवर नेऊन चौथी तार दाखवली, लपवत कशाला. मग आमच्याच बिल्डिंगची वीज रोज बरोब्बर पाच ते सात जायला लागली. बाईंनी ट्रान्समीटर बॅटरीवर घेतला; माझं मशीन बंद, गिऱ्हाइकं परत. फिटरची बदली अशा ठिकाणी झाली की तिथे पंपच नाही. आणि शेवटी नोटीस: परवान्याच्या नूतनीकरणाबाबत सुनावणी. या केंद्रात स्थानिक रहिवाशांचा सहभाग दिसत नसल्यानं परवाना का रद्द करू नये, याचा खुलासा करावा.

नोटिशीची झेरॉक्स काढायला बाईंनी माझ्या बायकोला पाठवलं होतं. "दोन कॉपी," ती म्हणाली.

"सहभाग नाहीच," मी वाचत म्हणालो. "एकटीच तर बडबडते."

"तुम्ही कॉपी काढा. मत कोणी मागितलं नाही."

आता दूरदेशच्या मंडळींनी उडी घेतली. जगभरातल्या असल्या छोट्या केंद्रांची म्हणे एक संघटना आहे. एका केंद्राला सरकारनं दाबलं की बाकीचे ओरडायचं. चांगली कल्पना आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये चालली नसती. फिटरच्या पत्राची बातमी तिकडे पोचली. त्यांनी मोहीम काढली. बाईंचा एक फोटो मिळवला, काळा-पांढरा, डोळे खाली, अर्ध्या चेहऱ्यावर सावली. तो पोस्टकार्डावर छापला, खाली एक ओळ आणि बाईंचा पत्ता, आणि देशोदेशीच्या लोकांना सांगितलं, यावर आपल्या हातानं दोन ओळी लिहा आणि पाठवा. पहिलं कार्ड मी पोस्टमनच्या हातात पाहिलं. फोटो श्रद्धांजलीचाच वाटत होता. "बाई गेल्या?" मी विचारलं.

"गेल्या नाहीत," पोस्टमन म्हणाला. "मीच जाणार आहे. खाली अजून दोन पोती आहेत."

पहिल्या दिवशी सातशे. मग रोज पोतं, कधी दीड. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी आयुष्यभर शाळेत ती परभाषा शिकवली होती आणि आयुष्यभर ती बोलायला कोणी मिळालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून छापील ओळ वाचली: "आम्ही तुम्हाला ऐकत आहोत."

"कुठून?" मी म्हणालो. "आवाज त्या चौकापलीकडे जात नाही!"

मोहीम चालवणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मास्तर मध्ये बसून भाषांतर करत होते. बायको तिथेच होती, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. ती दूरदेशची बाई उत्साहात म्हणाली, पोती उघडूच नका. तशीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ओता, फोटो काढा, आम्ही तो सगळीकडे छापू.

बिनतारीबाई म्हणाल्या, "त्यांना विचारा, खाली नावं आहेत का?"

मास्तरांनी विचारलं. हो, सगळ्यांवर नावं आहेत.

"मग वाचावी लागतील."

मास्तरांनी हे सांगितल्यावर तिकडची बाई हसली. तिला तो विनोद वाटला. मग हळूहळू हसायची थांबली.

आणि बाई खरंच वाचायला बसल्या! क्रमानं! पत्र क्रमांक दोनशे एकेचाळीसपासून पुढे, पोतंच्या पोतं. "पत्र क्रमांक पाचशे सहा. मजकूर असा. आम्ही तुम्हाला ऐकत आहोत. आमच्या गावातलं वाचनालय बंद केलं, तेव्हा आम्हीही ओरडलो होतो. आमचं मांजर आजारी आहे. धीर सोडू नका." अख्खी गल्ली श्वास रोखून मांजराची तब्येत ऐकायची. इकडे लाल पेटीत आमच्या माणसांची पत्रं पडत होती. सी विंगची लिफ्ट, गटाराचं झाकण, रेशनच्या दुकानातली रांग. सगळी पोत्यांच्या मागे. मला नंबर मिळाला चार हजार एकशे अठरा.

हो, मीही पत्र टाकलं होतं. चौथ्या तारेबद्दल. तीन वर्षं सोसलं, आता सगळ्यांना कळू दे म्हणून दोन पानं लिहिली होती, दोन्ही बाजूंनी.

गल्ली खवळली. भाजीवाली पेटीजवळ उभी राहून ओरडली, "आमच्या गटाराला कोणी परदेशातून पत्र पाठवत नाही, म्हणून ते मागे का?" कोणी जिन्यात कोळशानं लिहिलं: विलायती बाई. कोणी पोस्टकार्डावरच्या फोटोला मिशा काढून तो बाईंच्या दाराखालून सरकवला. बाईंनी उलटून पाहिलं, मागे नाव नव्हतं, म्हणून वाचला नाही. पाणी भरायला गेल्या की बायका बादल्या पुढे सरकवायच्या. माझी बायको सोडली तर कोणी बोलेना. मला खोटं बोलायचं नाही. मजा येत होती.

साहेबांनाही कळलं. आता देशोदेशीचे लोक बघत होते, तेव्हा केंद्राला सरळ कुलूप ठोकणं बरं दिसलं नसतं. रहिवाशांनीच नको म्हटलं तर मात्र साहेबांवर काहीच बोल येणार नव्हता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका दुपारी दुकानात आले. हातात टाईप केलेला अर्ज. "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी जाहीर करतो की सदर केंद्राशी आमचा काहीही संबंध नाही, तिथे परकीय मजकूर वाचला जातो आणि आम्हाला त्याचा त्रास होतो."

"पहिली सही तुमची हवी," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचा जुना त्रास आहे."

मी सही केली. पेनही माझंच वापरलं. एकसष्ट जणांनी सह्या केल्या, आणि त्या दिवशी कॉपीचे पैसेही मी घेतले नाहीत.

दोन दिवसांनी साहेब स्वतः दुकानात आले. पासपोर्ट फोटो काढून घेतला, पैसे दिले, आणि निघताना फूटपाथवरच्या माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, "हे बाहेर आलंय जरा. पण तुमच्यासारख्या समजूतदार माणसाला काय सांगायचं? सुनावणीला याल ना?" माझा अर्धा धंदा त्या टेबलावर चालतो. लॅमिनेशनचं मशीन आत मावत नाही. मी येतो म्हणालो.

इकडे लोकांनी बाईंच्या दारात गर्दी केली. भाजीवाली पुढे. "ताई, आमची पत्रं आधी घ्या. नाहीतर पेटी फोडतो."

बाई आतून खुर्ची घेऊन आल्या. घसा बसला होता, आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता. "पुढे नाही घेता येणार. तुमचं पुढे घेतलं तर उद्या साहेबांचं पुढे घ्यावं लागेल. फिटरचं पत्र कशाला वाचलं म्हणून ते विचारायला आले होते. मी ते मागे टाकलं नव्हतं, म्हणून तुम्ही आज पाणी उकळताय."

"मग आमचं गटार कधी?"

"मला एकटीला महिने लागतील. घाई असेल तर या आणि वाचा. सकाळी सात ते नऊ, दुपारी चार ते आठ. जितकी वाचाल तितका तुमचा नंबर जवळ येईल. रजिस्टरमध्ये वेळ टाकायची, सही करायची."

भाजीवाली तावातावानं आत शिरली आणि मायक्रोफोनपुढे बसली. "पत्र क्रमांक आठशे बेचाळीस," ती अशी ओरडली की दुकानातल्या माझ्या रेडिओची जाळी थरथरली. "हे कोण आहे ते देव जाणे, म्हणतंय आम्ही ऐकतोय. ऐक बाबा."

"मजकुराबाहेर बोलायचं नाही," मागून बाईंचा बसका आवाज.

"बरं! मजकूर असा!"

मग रांगच लागली. कोणी प्रेमानं आलं नव्हतं, हे लक्षात घ्या. लिफ्टवाले लिफ्टसाठी, रेशनवाले रेशनसाठी, एकजण तर नुसता आपल्या शेजाऱ्याची पत्रातून काढलेली अब्रू लवकर चव्हाट्यावर यावी म्हणून. दात-ओठ खात यायचे, शंभर कार्डं वाचायचे, सही ठोकायचे. मास्तर बाजूला पेन्सिल घेऊन, प्रत्येक कार्डावर हातानं लिहिलेल्या दोन ओळी आपल्या भाषेत आणत. हळूहळू कार्डांना उत्तरं पण मिळायला लागली, नियमाबाहेर. कोणीतरी लिहिलं होतं, आमच्या केंद्राचा ट्रान्समीटर शिपायांनी फोडला. ते वाचणारा आमचा लिफ्टमन माईकवरच म्हणाला, "आमचा फोडायला आले तर तुम्ही पण पत्र लिहा हो." बाईंनी त्याला दटावलं.

मलाही जावं लागलं. बायको म्हणाली, "चार हजार एकशे अठरा लवकर यावं असं वाटतंय ना? मग उठा. घरी बसून तार वाजेल, पत्र नाही."

बाईंनी मला पाहिलं. तीन वर्षांनी पहिलं वाक्य: "झेरॉक्स, चष्मा आणलात का?"

"आणलाय."

"बसा."

ब्लँकेटांचा धुळकट वास, टेबलावर कार्डांची चळत, समोर मायक्रोफोन. मी वाचायला लागलो. तिसऱ्या कार्डावर एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, माझ्या बहिणीचं केंद्र बंद पडलं तेव्हा कोणीच पत्र पाठवलं नव्हतं, म्हणून हे पाठवतो. मी ते वाचलं आणि मला एकदम तहान लागली. बाईंनी न बघता पाण्याचा पेला सरकवला. उकळलेलं होतं. मी प्यायलो, आभार मानले नाहीत, आणि पुढचं घेतलं. शंभर झाल्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी परत गेलो. का, ते विचारू नका. नंबर जवळ आणायचा होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी सेक्रेटरी अर्ज घेऊन दुकानात आले, पाच कॉपी. दुपारी बायको बाईंचं रजिस्टर घेऊन आली, पानं पन्नास ते बहात्तर, एकेक कॉपी. मी काचेवर ठेवता ठेवता सवयीप्रमाणे वाचत गेलो. मग सेक्रेटरींचा अर्ज परत बाहेर काढला. दोन्ही शेजारी ठेवले. भाजीवालीची सही, तीच ती वाकडी रेघ, इथेही आणि तिथेही. लिफ्टमन, दोन्हीकडे. रेशनवाले तिघे, दोन्हीकडे. एकसष्टांपैकी त्रेपन्न जण रजिस्टरमध्ये वाचून गेले होते. मी स्वतः नऊ वेळा. आणि हे तर मी चष्मा पुसून परत वाचलं: स्वतः सेक्रेटरी, एका मंगळवारी दुपारी, बारा पत्रं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "थांबलात का?"

"मशीन गरम झालंय," मी म्हणालो.

सुनावणीची खोली म्हणजे फायलींचं कोठार. खुर्चीचा मोडलेला हात नाडीनं बांधलेला. पंखा फिरत होता, पण वारा साहेबांच्या टेबलापुरताच. एका बाजूला बाई आणि मास्तर, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, भाजीवाली, मी आणि आणखी दहा-बारा जण. भाजीवाली मला कानात म्हणाली, "लवकर आटपू दे. माझी तीनशे राहिलीत."

साहेबांनी अर्ज वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर थोडे जास्त थांबले. "केंद्राशी काहीही संबंध नाही. बाई, हे तुमचेच शेजारी म्हणतात. तुमचं केंद्र परदेशातल्या लोकांचं आहे, इथल्या लोकांचं नाही. तुमचं काय म्हणणं?"

बाईंचा आवाज अजून बसलेलाच. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, एवढंच.

साहेबांनी पानं चाळली. सुरुवातीला अंगठ्यानं भराभर, मग बोटानं, मग एकेक. एका पानावर थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"अर्जावर पहिली सही तुमची?"

"माझी."

"राजीखुशीनं?"

"राजीखुशीनं. पेनसुद्धा माझंच."

"मग या रजिस्टरवर ही कोणाची?"

फूटपाथवरचं टेबल वाचवायचं तर मला एवढंच म्हणायचं होतं, ओळखीची वाटत नाही. साहेबांनी वाट पण करून दिली. गोड हसून म्हणाले, "बायकोच्या दबावाखाली केली असेल."

"साहेब," मी म्हणालो, "बायकोच्या दबावाखाली मी लग्न झाल्यापासून आहे. पण सही माझीच. दोन्ही कागदांवर."

मागे कोणीतरी खिंकाळलं.

"यातलं खरं कुठलं?"

"त्रास होतो, ते खरं. तो मी अजून दहा पानं लिहून देतो. ही बाई मला डोळ्यांसमोर नको असते. पण संबंध नाही, ते खोटं. संबंध नसता तर एवढा त्रास झाला असता का?"

साहेबांनी भाजीवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्या पण दोन्हीकडे. आणि मला अजून तीनशे वाचायचीत, तेवढ्यापुरतं तरी चालू ठेवा." मग लिफ्टमन उठला. मग रेशनवाले. सेक्रेटरींना खोकल्याची उबळ आली. साहेबांनी रजिस्टरचं पान त्यांच्यापुढे धरलं, बोट ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, "ती फक्त बाराच होती."

साहेबांनी रुमाल काढला. पहिल्यांदाच त्याची घडी मोडलेली पाहिली. मग लिहिलं: निर्णय राखून ठेवण्यात येत आहे. तोपर्यंत एक महिन्याची तात्पुरती परवानगी. ती महिन्याची परवानगी आजवर नऊ वेळा मिळाली आहे, दर वेळी शेवटच्या दिवशी, आणि दर वेळी बाईंना दिवसभर साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून.

माझं टेबल दुसऱ्याच दिवशी अतिक्रमणवाल्यांच्या ट्रकमध्ये चढलं. लॅमिनेशनचं मशीन आता शेल्फवर आहे, आणि मोठा कागद आला की मी तो गुडघ्यावर धरतो. गिऱ्हाईक हसतं. बाईंनी याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही नाही. बोलणं आमचं कामापुरतंच.

मोहीमवाल्यांना मास्तरांकरवी कळवलं: आभार, पण यापुढे प्रत्येकानं कार्ड पाठवू नये, एका गावाचं एक पाठवावं. तिकडची बाई जरा रागावली म्हणतात. रागवू दे.

सुनावणीनंतरच्या शुक्रवारी पाच वाजता माझी पाळी होती. वाचता वाचता चळत संपत आली. चार हजार एकशे सतरा, कोणाच्या तरी सातवीतल्या नातीनं लिहिलेलं, वाचून बाजूला ठेवलं. पुढचं उचललं तर दोन पानं, दोन्ही बाजूंनी, माझं अक्षर.

मी बाईंकडे पाहिलं. त्या हेडफोन लावून बटणांपाशी बसल्या होत्या. मी माईकवर हात ठेवला. "हे राहू दे आता. तेव्हा रागात लिहिलं होतं. पुढचं घेतो."

"नाव आहे खाली?"

"आहे, पण ते माझंच आहे ना! माझं पत्र, मीच म्हणतो नको."

"पेटीत पडलं तेव्हा केंद्राचं झालं." त्यांनी माझा हात माईकवरून उचलून टेबलावर ठेवला. "वाचा, झेरॉक्स. लोक थांबलेत."

खालच्या गल्लीत माझ्याच दुकानातला रेडिओ चालू होता. तिथे बायको होती. आणि अर्थातच भाजीवाली.

"पत्र क्रमांक चार हजार एकशे अठरा," मी म्हणालो. "मजकूर असा." आणि वाचलं. कर्कशा, ते वाचलं. तारेवरची घुबड, तेही. सरकारनं या बाईला उचलून न्यावं म्हणजे गल्लीला एकदाची झोप लागेल, हे वाक्य मी अगदी शेवटी, चांगलं ठळक अक्षरात लिहिलं होतं. ते वाचताना माझे कान तापून लाल झाले. एक शब्द गाळायची सोय नव्हती. बाई समोर कागदाकडे बघत होत्या.

संपल्यावर त्यांनी आपला माईक चालू केला. आवाज आता पुष्कळ सुधारला होता. तोच सूर, बारसं आणि चोरीचा.

"पत्रलेखकानं केंद्राकडून खुलासा मागितला आहे. खुलासा असा. चौथी तार हलवता येत नाही, तिच्यावरच खांब उभा आहे. पत्रलेखकानं कानात कापूस घालावा." मग माझ्याकडे हात केला. "पुढचं."

काल मी नवं पत्र टाकलं. कापसानं भागत नाही, असं. चार पानं. नंबर मिळालाय पाच हजार सहाशे दोन, आणि तो लागतो त्या मंगळवारी पाळी माझीच आहे.